वरच्या मजल्यावरच्या दोन मुलांबद्दल: मंडळाच्या कार्यकारिणीस खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

कार्यकारिणीच्या नावाने व्हॉट्सअ‍ॅप गटावर आलेली 'महत्त्वाची सूचना' बहुतेकांनी वाचली आहे. ज्यांच्या नजरेतून ती सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पांढरा शर्ट, टाय आणि छातीवर नावाची काळी पाटी लावलेली अमेरिकन मुलं जोडीने आपल्या वस्तीत हिंडत आहेत. ती पैसे देऊन धर्मांतर करवतात. त्यांची इथे राहण्याची कागदपत्रं संशयास्पद आहेत. लहान मुलं आणि वृद्ध माणसं यांना त्यांच्यापासून जपावं. ती दिसल्यास फोटो काढून गटावर टाकावा. आणि शेवटी, 'आपल्यातलीच काही कुटुंबं त्यांना घरात घेत आहेत, त्यांच्याशी कार्यकारिणी स्वतंत्रपणे बोलेल.' सूचनेखाली फोटो. दोन मुलं आमच्या इमारतीच्या दाराशी सायकलींना कुलूप लावताना दिसतात, आणि मागच्या टपालपेटीवर आमचं आडनाव स्वच्छ वाचता येतं.

ती 'काही कुटुंबं' म्हणजे आम्ही. आमचं कुटुंब एकच आहे, तेव्हा हे अनेकवचन आदरार्थी आहे असं समजते. स्वतंत्रपणे बोलण्याची तसदी नको, मीच सगळ्यांसमोर बोलते.

मी या मंडळाची आजीव सभासद आहे. मंडळाला हॉल नव्हता, नोंदणी नव्हती, कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत सतरंज्या टाकून दिवाळीचा फराळ व्हायचा, तेव्हापासूनची. गणपतीचे उकडीचे मोदक इतकी वर्षं माझ्या देखरेखीखाली होतात. र्‍हाइन नदीकाठच्या या जर्मन शहरात माझी मुलं वाढली, आणि त्यांना मराठी येतं याचं निम्मं श्रेय मी मंडळाच्या रविवारच्या शाळेला देते. म्हणूनच हे पत्र लिहायला घेतलं. परक्या संस्थेने असं काही केलं असतं तर मी मान हलवून पुढे गेले असते.

आमच्या वरचा फ्लॅट त्या मुलांच्या चर्चने बऱ्याच वर्षांपासून भाड्याने घेतलेला आहे. मुलं बदलत राहतात, फ्लॅट तोच. त्यामुळे ही मुलं दिवसभर काय करतात हे मला नको असलं तरी कळतं. आमचं छत म्हणजे त्यांची जमीन. सूचनेत त्यांच्याबद्दल बरंच काही आहे, पण ती कोण आहेत तेवढंच नाही. ते आधी सांगते.

त्यांच्या चर्चचं पूर्ण नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स'. एवढं लांब नाव कोण घेणार, म्हणून जग त्यांना मॉर्मन म्हणतं. २०१८ पासून त्यांच्या मुख्यालयाने 'आम्हाला मॉर्मन म्हणू नका' असा आग्रह धरलाय, पण लोकांच्या तोंडून ते नाव जात नाही, माझ्याही नाही. मुख्यालय अमेरिकेत युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीला. तिथल्या मुलांकडून अपेक्षा असते की अठराव्या वर्षानंतर दोन वर्षं धर्मप्रचाराला द्यावीत. २०१२ पर्यंत ही वयाची अट एकोणीस होती, ती त्यांनी खाली आणली. मुलींना सक्ती नाही, पण पुष्कळ जातात, त्यांची मुदत दीड वर्षाची. आजमितीला जगभर असे ७० हजारांहून अधिक प्रचारक आहेत. कुठे जायचं हे मूल ठरवत नाही. वरून पत्र येतं, त्यात देश, भाषा आणि हजर व्हायची तारीख. एका घरातल्या थोरल्याला ब्राझील, धाकट्याला जर्मनी, आणि शेजारच्याला दोन राज्यं पलीकडे, असं काहीही होतं. जर्मनी मिळालेल्याने प्रोव्हो नावाच्या गावातल्या प्रशिक्षण केंद्रात काही आठवडे भाषा घोटायची आणि विमानात बसायचं. मग एखाद्या करड्या नोव्हेंबरात तो आमच्या जिन्यात उभा असतो, हातात दोन बॅगा, आणि 'गुटन टाग' म्हणताना घाम फुटलेला.

आता पैशांचं. पैसे देऊन धर्मांतर, असं आपण लिहिलंत. या मुलांना पगार नसतो. उलट अमेरिकेसारख्या देशांतल्या घरांना मुलासाठी दर महिन्याला ५०० डॉलर भरावे लागतात. २०२० च्या जुलैआधी ४०० भरावे लागत. वरच्यांपैकी एकाने त्यासाठी शाळेत असताना सुट्ट्यांमध्ये बटाट्याच्या शेतावर राबून पैसे साठवले होते. आणि जो त्यांच्या चर्चमध्ये जाईल त्याला काही मिळत नाही, त्याने उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यावा अशी शिकवण आहे. आपल्या मंडळाची वार्षिक वर्गणी वसूल करताना खजिनदारांच्या नाकी नऊ येतात. दहा टक्के देण्यासाठी आपल्यातलं कोण धावत सुटणार आहे, ते मला बघायचंच आहे.

सकाळी साडेसहाला वर गजर होतो. मग व्यायाम. पूर्वी एक जोडी दोरीवरच्या उड्या मारायची. मी वर जाऊन सांगितल्यापासून जो येतो तो जोर काढतो, बहुधा आधीचा पुढच्याला बजावून जात असावा. त्यानंतर धर्मग्रंथाचं वाचन, जर्मनचा अभ्यास, दिवसाची आखणी. मग दिवसभर बाहेर. पादचारी रस्त्यावर, स्टेशनासमोर, दारोदार, आणि अलीकडे फोनवर आणि फेसबुकवरसुद्धा. नकार, नकार आणि नकार. जर्मन माणूस नकार देतो तो दार न आपटता, पण असा की पुन्हा विचारायची सोय राहत नाही. रात्री नवाच्या सुमारास परत, साडेदहाला दिवे बंद. टीव्ही नाही, सिनेमा नाही, मैत्रीण नाही, पोहायला जाणं नाही. दोघांनी सतत एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात राहायचं, न्हाणीघर सोडून. जोडीदारही वरूनच ठरतो. पटो न पटो, त्याच्यासोबतच उठायचं, जेवायचं, चालायचं. साधारण सहा आठवड्यांनी निरोप येतो की अमक्याने राहावं, तमक्याने दुसऱ्या गावी जावं. काही जोड्यांचं हसणं खाली ऐकू यायचं. एक जोडी अशी होती की आठवडाच्या आठवडा वर फक्त कपाटाच्या दारांचे आवाज. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरांकडून एवढी शिस्त मागणं मला अमानुष वाटतं, आणि त्यांच्या वरिष्ठांपैकी कुणी कधी जिन्यात भेटलं की मी ते बोलूनही दाखवते.

सोमवार त्यांचा मोकळा दिवस. मोकळा म्हणजे काय, तर तळघरातल्या यंत्रावर कपडे धुणे, बाजार, एकमेकांचे केस कापणे (हा प्रकार बघवत नाही), आणि घरी फोन. हा फोनसुद्धा २०१९ च्या फेब्रुवारीपासून. त्याआधी वर्षातून दोनदाच आईचा आवाज ऐकायला मिळायचा, नाताळला आणि मातृदिनाला, बाकी ईमेल. आता दर आठवड्याला बोलता येतं. युटा आपल्यापेक्षा आठ तास मागे, म्हणून दुपारी चार वाजले की वर खुर्च्या सरकतात. आमची मुलं शिकायला बाहेर गेली तेव्हा 'दोन दिवस फोन केला नाहीस' म्हणून मी किती भांडले ते ह्यांना विचारा.

घरात घेत आहेत, असं आपण आमच्याबद्दल लिहिलंत. हो, घेतो. दर गुरुवारी ती मुलं आमच्याकडे जेवतात. त्यांच्या चर्चची कुटुंबं त्यांना आळीपाळीने जेवायला बोलावतात, पण इथे ती कुटुंबं आहेत किती? सगळ्या जर्मनीत मिळून सभासद सुमारे ४० हजार, आणि आपल्या शहरात एका हॉलमध्ये मावतील एवढे. आठवड्यातले बरेच वार रिकामे जायचे. हे सासूबाईंच्या कानावर गेलं. त्यांच्या वडिलांनी पुण्यात वार लावून जेवून शिक्षण पूर्ण केलं होतं. सात घरं, सात वार, आणि एखादं घर गावाला गेलं की त्या दिवशी पाणी पिऊन झोपायचं. त्यांनी मला विचारलंही नाही. गुरुवार आपला, असं जिन्यातच त्या मुलांना खुणांनी सांगून मोकळ्या झाल्या.

पहिल्याच दिवशी पेचप्रसंग आला तो चहाचा. या मुलांना चहा चालत नाही, कॉफी चालत नाही, दारू-तंबाखू तर नाहीच. आलेल्या माणसाला चहा विचारायचा नाही म्हणजे काय करायचं हेच सासूबाईंना सुचेना. शेवटी वाईहून आणलेलं कोकमाचं आगळ कामाला आलं. तेव्हापासून आमच्या घरातलं सगळं आगळ अमेरिकेच्या पोटात जातं.

आणखी एक गोष्ट, जी 'लहान मुलांना जपा' असं लिहिणाऱ्याने ऐकावी. घरात मी एकटी असले तर ही मुलं उंबरठा ओलांडत नाहीत. त्यांचा नियम आहे की परकी बाई घरात एकटी असेल तर तिथे थांबायचं नाही, आणखी एक मोठं माणूस हवं. लहान मुलाजवळ एकटं थांबायचं नाही, कुणाचं मूल सांभाळायला घ्यायचं नाही. एकदा माळ्यावरून पातेलं काढायला मी हाक मारली तर दोघं दारात उभे राहिले, ह्यांच्या येण्याची वाट बघत. मला त्या वेळी राग आला होता.

आता मी त्यांचा धर्म मानते का, हा प्रश्न कुणीतरी विचारणारच, म्हणून आत्ताच सांगून टाकते. नाही मानत. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नावाच्या तरुणाने हे चर्च स्थापन केलं. देवदूताने जमिनीतल्या सोन्याच्या पत्र्यांचा ठाव दाखवला आणि त्यावरचा मजकूर आपण वाचला, असं त्याचं म्हणणं. सासूबाईंनी हे माझ्याकडून मराठीतून ऐकलं आणि म्हणाल्या, "ताम्रपट ठाऊक होते, सुवर्णपट पहिल्यांदाच ऐकते. मूळ प्रत आहे का म्हणावं?" देवदूत परत घेऊन गेला, हे उत्तर त्यांना पटलं नाही. माझे आक्षेप जास्त कडू आहेत. कृष्णवर्णीय पुरुषांना या चर्चने शंभराहून अधिक वर्षं, १९७८ पर्यंत, पौरोहित्य दिलं नाही. बायकांना आजही देत नाहीत. हे मी त्या मुलांना जेवताना तोंडावर विचारते. काही गप्प बसतात, काही पाठ केलेलं उत्तर देतात, एकाने मात्र पानातलं वरण तसंच ठेवून सांगितलं होतं की त्यालाही याचं उत्तर सापडलेलं नाही.

आणि हो, ते प्रचारालाच आलेत. लपवत नाहीत, छातीवर पाटी लावून येतात. एखादा नवखा जरा चिकट निघतो, त्याला दोनदा सांगावं लागतं. नको म्हटलं की जातात. नको म्हणता येण्याएवढी आपण सगळी सज्ञान माणसं आहोत, असा माझा समज होता.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार खोट्या आरोपांची. पैशांचं वर आलंच. कागदपत्रांचं म्हणाल तर आपल्याच एका सभासदाने पोलिसांना बोलावलं, पोलीस आले, कागद बघितले, 'सगळं ठीक आहे' म्हणून मुलांना शुभेच्छा देऊन गेले. हे जिन्यात माझ्यासमोर घडलं. ज्यांनी फोन केला त्यांनाही हे माहीत आहे. त्यानंतरही सूचनेतलं ते वाक्य तसंच आहे.

दुसरी तक्रार फोटोंची, आणि ही मला सगळ्यांत गंभीर वाटते. या देशात १९०७ पासून कायदा आहे की माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय पसरवता येत नाही. शिवाय आता युरोपभरचे खासगी माहितीचे नियम आहेत. आपल्या गटात शेकडो माणसं, तिथून पुढे आणखी किती गटांत गेलं असेल कोण जाणे. आपल्या शाळेच्या बालदिनाचे फोटो टाकण्याआधी आपण प्रत्येक पालकाची लेखी परवानगी घेतो. परक्या मुलांच्या बाबतीत तो नियम कुठे गेला? आणि त्याचा परिणाम काय झाला तेही ऐका. शहराच्या दुसऱ्या भागात त्यांच्या दोन मुली राहतात, विशीच्या आतबाहेरच्या. सूचना आल्यानंतर एका संध्याकाळी कुणीतरी फोन समोर धरून त्यांचं चित्रण करत ट्रामच्या थांब्यापर्यंत त्यांच्या मागे गेलं. तो माणूस मराठीत बोलत होता असं मी म्हणणार नाही, कारण त्या मुलींना मराठी कळत नाही. पण दुसऱ्याच दिवशी तीच चित्रफीत आपल्या गटावर होती, आणि खाली अंगठे होते. आपली लेक कामावरून ट्रामने घरी येताना असं कुणी केलं असतं, तर हेच अंगठे दाखवणारे कुठे असते?

तिसरी, गणेशोत्सव. गेल्या वर्षी हॉलमधल्या खुर्च्या, पातेली, मखराचे खांब कुणी वाहिले? आपले तरुण सभासद दुपारी तीनला येणार होते, ते साडेपाचला आले. ही मुलं आठवड्यातले काही तास कुणाच्या तरी कामाला देतात, म्हणून मी त्यांना विचारलं आणि ती आली. एकाही माणसाशी त्यांनी धर्माबद्दल शब्द काढला नाही. काढला असता तर मीच हाकललं असतं. आरतीच्या वेळी भिंतीशी उभी होती, तेव्हा एका स्वयंसेवकाने त्यांना बाहेर जायला सांगितलं. मोदक त्यांनी नंतर पार्किंगमध्ये खाल्ले. आता यंदापासून 'बाहेरच्या धर्मसंस्थेच्या व्यक्तींना मज्जाव' असा नियम येतोय असं कळतं. मंडळाच्या कार्यक्रमात प्रचार नको, हे मला शंभर टक्के मान्य. मग तो नियम सगळ्यांना लावा. दिवाळीच्या कार्यक्रमात विमा विकणारे येतात, पुण्याजवळचे प्लॉट विकणारे स्टॉल लावतात, साखळी पद्धतीने गोळ्या-पावडरी खपवणारे तर आपल्यातलेच आहेत. त्यांच्यापायी सभासदांचे खरोखर पैसे बुडाले. तेव्हा कुणाचा फोटो गटावर आला नव्हता.

चौथी तक्रार सासूबाईंची. त्या दर उन्हाळ्यात येतात, व्हिसा देतो तेवढे तीन महिने राहतात. जर्मन शिकायचं आता वय नाही म्हणतात, पण इंग्रजी बोलता यावं ही त्यांची जुनी इच्छा. या चर्चच्या हॉलमध्ये बुधवारी संध्याकाळी इंग्रजी संभाषणाचा फुकट वर्ग असतो, वरची मुलंच शिकवतात. तिथे युक्रेनच्या बायका येतात, एक सीरियन आजोबा येतात, एक तुर्की बाई येतात, आणि आमच्या सासूबाई नऊवारी सांभाळत जातात. वर्ग संपताना ती मुलं दोन मिनिटं प्रार्थना करतात, तेवढ्या वेळात यांची मनातल्या मनात रामरक्षा चालते. जेवढी होईल तेवढी. हे आपल्या कुणीतरी बघितलं आणि 'वृद्धांना जपा' हे वाक्य जन्माला आलं. त्यानंतर भजनी मंडळातल्या दोघींनी त्यांना विचारलं, "तुम्ही बाटलात का हो?" त्या घरी येऊन काही बोलल्या नाहीत. दोन बुधवार वर्गाला गेल्या नाहीत. तिसऱ्या बुधवारी मी बळेबळे पोचवून आले. पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईला स्वतःच्या देवाबद्दल स्पष्टीकरण द्यावं लागावं, याला मी कार्यकारिणीला जबाबदार धरते.

पाचवी, कारभाराची. आपलं मंडळ इथल्या कायद्याप्रमाणे नोंदवलेलं फेराइन, म्हणजे सभासदांची संस्था, आहे. घटना आहे, इतिवृत्ताची वही आहे. ही सूचना कुठल्या बैठकीत ठरली? कुणी मांडली, कुणी अनुमोदन दिलं? मी सचिवांना विचारलं, उत्तर आलं की 'सगळ्यांचंच मत होतं'. माझं नव्हतं.

'आपण परक्या मुलखात आहोत, आपली संस्कृती जपायला हवी' असं सूचनेत आहे. याच परक्या मुलखात आपण बाजारचौकातून ढोल-ताशांसह मिरवणूक काढतो. जर्मनीच्या राज्यघटनेच्या चौथ्या कलमाने धर्म पाळण्याचं स्वातंत्र्य दिलंय, म्हणून काढतो. कॅथलिक आजीबाई खिडकीतून बघतात, कानांवर हात ठेवतात, आणि पोलीस आपल्यासाठी रहदारी थांबवतात. त्याच कलमाखाली ही मुलं फिरतात. कलम एकच आहे, आपल्यापुरतं वेगळं छापलेलं नाही.

आणि मॉर्मन प्रचारक ही आपल्या लोकांना नवी गोष्टही नाही. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मुंबईत उतरला होता. वर्तमानपत्रं आणि पाद्री दोघेही त्याच्यावर तुटून पडले. तिथून तो पुण्याला गेला. लष्करी छावणीत त्याला राहू दिलं नाही ते इंग्रज अधिकाऱ्यांनी. मग त्याने देशी वस्तीत बिऱ्हाड केलं आणि मराठी शिकायला बसला. मूठभर माणसं त्याच्याबरोबर गेली, त्यांतही गोरी बरीच. काही वर्षांत ही सगळी मंडळी हिंदुस्थान सोडून गेली. पुण्याच्या पर्वतीला काही झालं नाही. तेव्हाच्या पुण्याने ज्या माणसाला भाड्याने खोली दिली, त्याच्या पंथाच्या पोरांना आपण आज खुर्च्या उचलायलाही नको म्हणतोय.

एक गोष्ट आणखी, जरा वेगळ्या कारणासाठी. हॅम्बुर्गमध्ये हेल्मूट ह्यूबनर नावाचा मॉर्मन मुलगा होता. बीबीसीचं रेडिओ चोरून ऐकून तो हिटलरविरुद्ध पत्रकं टंकलिखित करायचा आणि मित्रांमार्फत वाटायचा. १९४२ च्या फेब्रुवारीत पकडला गेला, ऑक्टोबरमध्ये बर्लिनच्या प्ल्योट्सेनझे तुरुंगात त्याचा शिरच्छेद झाला. वय सतरा. त्याला अटक झाल्यावर त्याच्याच मंडळीच्या स्थानिक प्रमुखाने त्याला चर्चमधून काढून टाकलं होतं. युद्ध संपल्यावर चर्चने ते रद्द केलं आणि त्याचं नाव पुन्हा नोंदवलं, पण तोवर त्याचा काय उपयोग. आपल्या सूचनेची मी त्या काळाशी तुलना करत नाही, तो वेडेपणा होईल. वरच्या मजल्यावरच्या एका मुलाने ही गोष्ट मला सांगितली आणि म्हणाला की आमच्या लोकांनी याची लाज बाळगायला हवी. घाबरलेली समिती आपल्याच माणसाचं नाव किती चटकन खोडते, एवढंच मी त्यातून घेतलं, आणि 'काही कुटुंबांशी स्वतंत्रपणे बोलू' हे वाक्य पुन्हा वाचलं.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

सूचना मागे घ्यावी, आणि मागे घेतली असं त्याच गटावर, त्याच नावाने लिहावं. पैशांचा आणि कागदपत्रांचा आरोप निराधार होता हे त्यात स्पष्ट असावं. गुपचूप पुसून टाकू नये.

फोटो आणि ती चित्रफीत काढून टाकावी, सभासदांनाही आपापल्या फोनमधून काढायला सांगावं. त्या दोन मुलांना आणि दोन मुलींना कार्यकारिणीने लेखी दिलगिरी कळवावी. जर्मनमध्ये लिहायचं असेल तर मी लिहून देईन, सही मात्र अध्यक्षांची.

कुणाच्या घरी कोण जेवतं याची यादी मंडळाने ठेवू नये. ठेवली असेल तर नष्ट करावी.

सासूबाईंना भेटायला अध्यक्षांनी घरी यावं. माफी मागा असं मी म्हणत नाही, त्यांना ते अवघड होईल. येऊन बसावं, चहा घ्यावा.

उत्सवात कुणाला येऊ द्यायचं, कुणाचं काम घ्यायचं, प्रचार आणि विक्री यांना कुठवर मुभा, हा विषय सर्वसाधारण सभेत यावा आणि त्यावर मतदान व्हावं. बहुमत माझ्याविरुद्ध गेलं तर मी ते पाळेन. पण तोवर यंदाच्या गणपतीच्या तयारीला ती मुलं माझ्याबरोबर येतील. तांदळाच्या पिठाची पोती हॉलच्या तळघरातून वर आणायची आहेत, आणि गेल्या वर्षीचा अनुभव लक्षात घेता दुसऱ्या कुणाच्या भरवशावर मी थांबणार नाही. दारात अडवायचं असेल तर मला अडवा.

उत्तर गटावरच द्यावं. खासगी फोन नको.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद